पक्षी, आजार आणि डॉ. सलीम अली

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. शाळेत फलक रंगतो, भाषणं होतात, मुलं चित्रं काढतात. सलीम अलींची गोष्ट बहुतेक वेळा लहानपणी पडलेल्या चिमणीपासून सुरू होते आणि पुरस्कारांपाशी संपते. पण त्यांच्या आयुष्यातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. पक्षी आजार पसरवतात का, या प्रश्नाशी त्यांनी बरीच वर्षं झुंज दिली. मुलुंड, भांडुपच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला मुलांना नेणाऱ्या आपल्याला हा भाग माहीत असायलाच हवा.

जन्म आणि बालपण

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते घरातलं सर्वांत धाकटं अपत्य. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या भावंडांना वाढवलं.

साधारण दहाव्या वर्षी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. नेहमीची चिमणी, पण गळ्यावर पिवळा ठिपका! हे काय नवीन, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे मानद सचिव मिलार्ड यांनी मुलाला पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. एका मोठ्या माणसाने लहान मुलाचा प्रश्न गंभीरपणे घेतला. पुढचं सगळं त्यातून घडलं.

पदवी नाही, नोकरी नाही

शाळा-कॉलेजात त्यांचा जीव फारसा रमला नाही. काही काळ ब्रह्मदेशात घरच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात गेला, पण तिथेही लक्ष जंगलातल्या पक्ष्यांवरच. परत आल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. ती करताना आपलं शिक्षण अपुरं आहे हे त्यांना जाणवलं. मग रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचं कडं घालून त्याला सोडायचं आणि त्याचा प्रवास समजून घ्यायचा, ही पद्धतही त्यांनी तिथेच शिकून घेतली.

१९३० मध्ये परत आले तर नोकरीच नाही! पैशाअभावी जागा रद्द झाली होती. मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास निरीक्षण करत बसले. त्यांना दिसलं ते असं : नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच तिथे राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. ना प्रयोगशाळा, ना पगार. फक्त डोळे, वही आणि धीर. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली वांद्र्याच्या पाली हिलवर बहिणीच्या घरी राहू लागले. दुःख मोठं होतं, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. सामान्य माणसाला घराजवळचा पक्षी ओळखता येऊ लागला तो या पुस्तकामुळे.

संशय पक्ष्यांवर

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली. पाठोपाठ माणसांना जोराचा ताप येऊ लागला, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला. आजार विषाणूचा निघाला आणि तो गोचिडीमार्फत पसरत होता. आपल्याकडे याला माकडताप म्हणतात. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली होती.

हा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा दिसला. मग प्रश्न आला, इतक्या दूरचा नातेवाईक इथे कसा? दर हिवाळ्यात सायबेरियाकडून भारतात लाखो पक्षी येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर आला नसेल?

पक्ष्यांवर जीव असलेल्या माणसाने काय करावं? आमचे पक्षी निर्दोष आहेत असं म्हणून मोकळं व्हावं? सलीम अलींनी तसं केलं नाही. त्यांनी हा प्रश्न खरा मानला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ च्या सुमारास सोसायटीने पक्षी स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. भरतपूर आणि इतर ठिकाणी जाळ्यांत पक्षी धरायचे, पायात कडं घालायचं, अंगावरच्या गोचिडी आणि रक्ताचे नमुने घ्यायचे आणि पक्षी सोडून द्यायचा. पक्षी इजा न होता धरण्यात बिहारमधले मीरशिकार तरबेज. त्यांची पिढीजात कला इथे विज्ञानाच्या कामी आली. भरतपूरला कडं घातलेली बदकं पुढे थेट सोव्हिएत रशियात सापडली.

या अभ्यासाच्या काही भागाला अमेरिकेचा पैसा होता. त्यावरून पुढे राजकीय आरोप झाले, परकी गुप्तहेरांचा हात असल्याचीही कुजबुज झाली. उतारवयात या माणसाला हे सोसावं लागलं. तरीही कडी घालण्याचं काम सोसायटीने सोडलं नाही. शेवटी स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू भारतात आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पण आपल्याकडचे पाहुणे कुठून येतात, कोणत्या वाटेने आणि केव्हा, याची पक्की माहिती देशाला पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात मिळाली.

पक्षीच जेव्हा बळी पडतात

आता याची दुसरी बाजू बघू. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर १८,००० हून अधिक पाणपक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण शोधलं : बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा आजार.

हा जिवाणू चिखलात सुप्त बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून असतो. पाणी कोमट झालं, त्यातला प्राणवायू घटला आणि मेलेले मासे किंवा किडे कुजू लागले की तो वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पोटात गेलं की पक्ष्याचे पंख, पाय, मान लुळी पडते. मान पाण्यात पडून तो बुडूनही मरतो. त्याच्या कलेवरात अळ्या होतात. अळ्यांना विष बाधत नाही, पण त्या खाणारा पुढचा पक्षी मरतो. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. म्हणूनच मेलेले पक्षी लगेच उचलून जाळणं किंवा खोल पुरणं हाच मोठा उपाय.

म्हणजे पक्षी हा नुसता आजाराचा वाहक नाही, पाण्याची तब्येत सांगणारा निरोप्याही आहे. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. हजारो पक्षी एकाच चिखलावर चरतात, तेव्हा त्या चिखलात काय सोडलं जातंय याला फार महत्त्व येतं.

अखेर

अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासोबत सलीम अलींनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पूर्ण केला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांची सोसायटी आजही पक्ष्यांना कडी घालते. गोरेगावला फिल्मसिटीजवळ तिचं शिक्षण केंद्र आहे. तिथे सहल नेता येते.

वर्गात काय घेता येईल?

१. पक्ष्याच्या पायातल्या कड्यावर काय काय लिहिलेलं असावं, हे मुलांना ठरवू द्या. कागदी कडी बनवून घ्या.

२. चिखल – जिवाणू – मेलेला मासा – अळी – पक्षी, ही साखळी फळ्यावर काढा. कोणती कडी तोडली तर साथ थांबेल, ते मुलांना विचारा.

३. नियम पाठ करून घ्या : मेलेला किंवा लुळा पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी वनविभागाला किंवा पालिकेला कळवायचं.

पक्ष्यांमुळे आजार होतात का, असं एखादं मूल विचारेलच. नाही म्हणून गप्प करू नका, हो म्हणून घाबरवूही नका. कधी होतात, कधी पक्षीच आजारी पडतात, आणि नक्की काय झालं ते तपासल्याशिवाय कळत नाही, एवढं सांगा. सलीम अलींनी आयुष्यभर तेच केलं.