डॉ. कमला सोहोनी

जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर अशा मध्य प्रदेशातील शहरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. इंदूर येथील अशाच भागवत कुटुंबात १९११ साली कमलाबाईंचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या ज्या विज्ञान संस्थेत त्यांचे शिक्षण झाले, तेथेच आपण संशोधन करावे, अशी कमलाबाईंची इच्छा होती.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. तरीही बंगळूरच्या संस्थेने त्यांचा अर्ज नाकारला. गुण कमी पडले नव्हते. त्या स्त्री होत्या, एवढेच कारण होते. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन होते. कमलाबाई त्यांना प्रत्यक्ष भेटल्या आणि आपल्या आग्रहापासून ढळल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ही अट अपमानकारक होती. परंतु त्यांच्या कामामुळे रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. पाण्यात या साखळ्यांवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात. आंबटपणा वाढला की त्यांचा समतोल बदलतो आणि विरघळलेले प्रथिन साकळते. लिंबू पिळताच दूध फाटते, ते याचमुळे.

पुढे केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेतील प्रथिन असते, हे दाखवून दिले. या संशोधनासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता!

परदेशात न रमता त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर, १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी गरिबांच्या आहारातील पदार्थांची पोषणमूल्ये तपासली. नीरेच्या सेवनाने कुपोषित आदिवासी मुलांची व गर्भवती स्त्रियांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. एकेकाळी प्रयोगशाळेचे दार ज्यांना बंद होते, त्या कमलाबाईंनी प्रयोगशाळेतील ज्ञान गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचवले.