गाणं कॉलेजात नेणारे वकील : पंडित विष्णु नारायण भातखंडे

आपल्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आरोग्य, पाणी, पार्किंग यांच्यासोबत थोडं गाण्याबद्दलही यावं, म्हणून हा लेख. सोसायटीतली बरीच मुलं-मुली क्लासला जातात, परीक्षा देतात. पण बारावीनंतर एखादीने बीएला संगीत घ्यायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो : गाणं काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे? हा प्रश्न आजचा नाही बरं का. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या एका वकिलाने अंगावर घेतला.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला, तो दिवस गोकुळाष्टमीचा. शाळेत असतानाच बासरी आणि सतारीचा नाद लागला. पण शिक्षण सोडलं नाही. १८८५ साली बीए झाले, १८८७ साली एलएलबी. काही काळ कराचीला आणि पुढे मुंबईत वकिली केली. मुंबईत पारशी मंडळींची 'गायन उत्तेजक मंडळी' नावाची संस्था होती. वकिली सांभाळून ते तिथे जात आणि रावजीबुवा बेलबागकरांसारख्या जाणकारांकडून धृपदं शिकत.

शिकता शिकता त्यांना एक गोष्ट खटकू लागली. एकच राग एक उस्ताद एका तऱ्हेने गातो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेने. कारण विचारलं तर उत्तर एकच, आमच्या घराण्यात असंच आहे. संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यातले राग आणि मैफिलीतले राग जुळत नाहीत. वकिलाला पुरावा लागतो. तो गोळा करायचं त्यांनी मनावर घेतलं.

याच काळात घरावर आघात झाले. १९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगीही. दुसरा कोणी खचून गेला असता. भातखंड्यांनी उरलेलं सगळं आयुष्य गाण्याच्या शोधाला देऊन टाकलं. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा करत एट्टयापुरमला पोचले. तिथे सुब्बराम दीक्षितरांकडून त्यांना व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडिप्रकाशिका' या ग्रंथाची प्रत मिळाली. त्यातली ७२ मेळांची मांडणी पाहून आपल्याकडच्या रागांचीही अशी व्यवस्था लागू शकेल हे त्यांना उमगलं. १९०७ च्या दौऱ्यात ते हैदराबाद, विजयनगरम आणि कलकत्त्याला गेले, आणि आपल्या नागपूरलाही येऊन गेले. प्रत्येक गावी काम तेच : ग्रंथालयात पोथ्या वाचायच्या, गवयांना भेटायचं, प्रश्न विचारायचे, टिपून घ्यायचं. सगळेच काही मोकळेपणाने सांगत नसत. बंदिश म्हणजे घराची पुंजी, ती कोण सहज देईल?

आपल्या कळमना मार्केटात संत्रा उतरला की प्रतीप्रमाणे वेगळा होतो. भातखंड्यांनी रागांचं तसंच केलं. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा थाट ठरवून त्यांत राग बसवले. काही राग नीट बसत नाहीत अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते. पण शिकणाऱ्याला हात धरायला कठडा मिळाला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, ही आपल्या मुलांच्या वहीतली स्वरलिपी त्यांचीच.

त्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ चार भागांत आणि मराठीत आहे. गुरु-शिष्यांच्या गप्पांसारखा लिहिलाय, त्यामुळे जड विषयही कळतो. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत हजाराहून जास्त बंदिशी छापून त्यांनी सर्वांसाठी खुल्या केल्या. काही उस्तादांच्या हे पचनी पडलं नाही.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गवई आणि पंडित एका ठिकाणी बसून रागांवर वाद घालू लागले, हीच तेव्हा नवलाई. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज. तिथे गळ्याच्या तालमीबरोबर शास्त्र आणि इतिहासही अभ्यासाला होता. त्या कॉलेजचं आज भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ झालंय.

१९३३ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते गेले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. ते विद्यापीठ आपल्याला काही लांब नाही. कळमन्यावरून जाणाऱ्या हावडा लाइनने डोंगरगड गाठायचं, पुढे रस्त्याने खैरागड.

गुरूसमोर बसून केलेल्या रियाजाला पर्याय नाही, हे भातखंडेही जाणत होते. कॉलेजातून प्रत्येक जण मोठा गवई होईल असंही नाही. पण आपण काय गातो, ते कुठून आलं, दुसरा वेगळं का गातो, हे समजणारा माणूस तिथे घडतो. तोच पुढे शिक्षक होतो, संशोधक होतो, नाहीतर निदान चांगला श्रोता तरी होतोच. तेव्हा घरातल्या पोराने किंवा पोरीने संगीत विषय मागितला, तर नाही म्हणण्याआधी तिची वही एकदा उघडून बघा. स्वरांखालच्या त्या छोट्या रेघांमागे एका माणसाची तीस वर्षांची पायपीट आहे.