फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत

मराठी मुलांच्या हाती उपदेशाऐवजी साहस देणारे भा. रा. भागवत यांचा जन्म 31 मे 1910 रोजी इंदूर येथे झाला. 1951 मध्ये त्यांनी 'बालमित्र' मासिक काढले. ते पुढे बंद पडले; भागवतांची लेखणी मात्र थांबली नाही. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी त्यांनी मराठीत आणल्या. पण परक्या नायकांवर मुलांची भूक किती दिवस भागणार? त्यातूनच जणू फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे अवतरला. पुण्यात शिकणारा हा किडकिडीत, सायकलवेडा मुलगा थेट 1962 च्या चीन युद्धाच्या धामधुमीतही जाऊन पोहोचला. 27 ऑक्टोबर 2001 रोजी भागवतांचे निधन झाले. 2017 च्या चित्रपटात फेणे तरुण झालेला दिसला. पुस्तकांत तो अजून शाळकरीच आहे.