एदुआर मिशेलिन: टायर सुटा करणारा माणूस

बाईकचा टायर स्वतः बदलायचा की पंक्चरवाल्याला पैसे द्यायचे? हा पर्याय आपल्याला मिळाला, त्यात एदुआर मिशेलिन (१८५९–१९४०) यांचा मोठा वाटा आहे. पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेल्या एदुआर यांनी १८८९ मध्ये फ्रान्समधला घरचा रबर कारखाना हाती घेतला. एकदा एक सायकलवाला पंक्चर घेऊन आला. टायर रिमला चिकटवलेला! दुरुस्तीला ३ तास, सोल्यूशन वाळायला अख्खी रात्र. सकाळी चक्कर मारली, तर थोड्याच अंतरावर पुन्हा हवा गेली. मग भाऊ आंद्रे यांच्यासोबत त्यांनी रिमवरून सुटा निघणारा टायर बनवला आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी हेच टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यत जिंकली. आता वाटेत पंक्चर झालं तरी रात्रभर थांबायची गरज उरली नाही.