फुलांच्या रंगांचा संशोधक

फ्लॅव्हनॉइड हा शब्द आता ग्रीन टीच्या खोक्यावरही दिसतो. तिरुवेंकट राजेंद्र शेषाद्री (१९००-१९७५) त्यांच्याकडे वळले, तेव्हा ती मुख्यतः वनस्पतींतील रंगद्रव्ये मानली जात. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली पीएच.डी. मिळवून त्यांनी वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात प्रयोगशाळा उभारली. साधने तोकडी, फुले मात्र हाताशी! कापसाच्या फुलांतील गॉसिपेटिन, हर्बासेटिन यांसारखी द्रव्ये त्यांनी चिकाटीने अभ्यासली. अशा रेणूंवरील हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन देऊन घातक मुक्तमूलकांना शमवतात, म्हणून ती आज अँटिऑक्सिडंट ठरली आहेत. दुसऱ्या महायुद्धात विद्यापीठ गुंटूरला हलले, उभी केलेली प्रयोगशाळा सोडावी लागली. संशोधन सुटले नाही. १९४९मध्ये ते दिल्ली विद्यापीठात आले, १९६०मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन सुरूच होते.