डेनिस रिची : उसन्या अधिकाराचे शिल्पकार

‘सी’ ही संगणकभाषा आणि युनिक्स ही संगणक प्रणाली या दोन कामगिऱ्यांच्या झळाळीत डेनिस रिची यांचे तिसरे काम सहसा झाकोळले जाते. संगणकावर कोणाला काय करू द्यावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर मात्र तितकेच टिकाऊ ठरले.

९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. वडील बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणिताचे शिक्षण घेऊन १९६७ साली डेनिसही तेथेच रुजू झाले. एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता यावे, यासाठीच्या मल्टिक्स प्रकल्पातून बेलने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. त्यानंतर केन थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सची उभारणी केली.

यंत्र सामायिक झाले की कोणाची फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे ठरवावे लागते. युनिक्समध्ये वाचणे, लिहिणे व चालवणे या परवानग्या फाइलच्या मालकाला आणि इतरांना वेगवेगळ्या देता येतात. तरीही एक पेच उरत होता. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड बदलता यायला हवा. पण सर्वांच्या पासवर्डची नोंद असलेल्या फाइलमध्ये लिहिण्याची मुभा सर्वांना देणे घातकच. रिची यांनी तो अधिकार माणसाऐवजी प्रोग्रॅमला जोडला. विशिष्ट खूण केलेला प्रोग्रॅम कोणीही सुरू केला, तरी तो आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो, वापरकर्त्याची तेवढी नोंद बदलतो आणि थांबतो. काम संपताच उसना अधिकारही संपतो. खातेदाराच्या हाती तिजोरीची किल्ली न देता रोखपालाने पैसे मोजून द्यावेत, तसेच हे. ‘सेट-यूआयडी’ या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला. १९७९ मध्ये ते मिळाले आणि बेलने ते सर्वांसाठी खुले केले.

या सोयीत जोखीमही होती. अशा प्रोग्रॅममध्ये चूक राहिल्यास घुसखोराला थेट सर्वाधिकार मिळतात. पुढे अनेक घुसखोरांनी हाच मार्ग धरला. युनिक्स मुळात सुरक्षिततेचा विचार करून घडवलेली नव्हती, हे रिची यांनी स्वतःच आपल्या लेखात आडपडदा न ठेवता मान्य केले होते.

१९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ साली ते निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. आठवडाभरापूर्वीच झालेल्या स्टीव्ह जॉब्ज यांच्या निधनाच्या गदारोळात ही वार्ता फारशी कोणाच्या कानी पडली नाही. लिनक्सवर चालणारे असंख्य संगणक मात्र रिची यांची ती खूण आजही ओळखतात.