मिठागरे, फणसाचे लाकूड आणि स्वराज्याचे आरमार

आमच्या प्रतिनिधीकडून

धाराशिव - समुद्र या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नाही. येथील तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे इथले पाणीसुद्धा कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. तरीही बंदरांशी या भूमीचे नाते जुने आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याची नोंद आढळते. दुसरे नाते तुळजापूरचे. भोसले घराण्याची कुलदेवता तुळजाभवानी. आणि तिच्याच भक्ताने पुढे अरबी समुद्रावर मराठ्यांचे पहिले आरमार उभे केले.

सन १६५९ म्हटले, की तुळजापूर परिसरात अफझलखानाच्या स्वारीची आठवण निघते. त्याच वर्षी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जे घडत होते, त्याची आठवण मात्र फारशी निघत नाही.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, शिवनेरीचा. बालपण आणि तारुण्य गेले पुण्याकडच्या मावळांत. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ताब्यात आली, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. घाटाखाली उतरताच नवा प्रश्न समोर आला. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरील गावे लुटत होता, रयतेला पकडून नेत होता, आणि घोडदळ येताच बेटावरच्या किल्ल्यात निर्धास्त बसत होता. समुद्रावर पोर्तुगीजांची हुकमत होती. त्यांच्या परवान्याशिवाय व्यापारी गलबत सुरक्षित नव्हते.

महाराजांनी जहाजे बांधावयास घेतली. त्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला नोकरीस ठेवले. त्याच्यासोबत सुमारे ३४० माणसे होती आणि सुमारे वीस गलबतांचे काम चालू होते. ही गलबते सिद्दीविरुद्ध असली, तरी उद्या आपल्यावरही उलटतील, हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. वसईच्या कॅप्टनने आपल्या माणसांना नोकरी सोडण्यास भाग पाडले आणि ती सारी मंडळी रातोरात निघून गेली.

परक्या कौशल्यावर उभा केलेला उद्योग एका रात्रीत कसा बसू शकतो, याचा हा अनुभव होता. काम मात्र बसले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून बसरूरच्या मोहिमेवर समुद्रमार्गे निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत ८५ लहान गलबते व तीन मोठी जहाजे होती. अवघ्या सहा वर्षांत एवढे आरमार बांधले कोणी? त्या सुतारांची आणि लोहारांची नावे इतिहासाने जपलेली नाहीत; पण ती माणसे याच किनाऱ्यावरची असणार, हे उघड आहे. (बसरूर ही अखेर लूट होती आणि लुटले गेलेले व्यापारीही किनाऱ्याचेच रहिवासी होते, हेही विसरता कामा नये.) त्या आधी काही महिने, नोव्हेंबर १६६४ मध्ये, मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली होती.

आरमारावर आले ते कोळी, भंडारी, गाबीत आणि दर्यावर्दी मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या भरती-ओहोटी, खडक आणि वारे ओळखणारी ही माणसे होती. दौलतखान, मायनाक भंडारी ही नावे महाराजांच्या सरदारांत मानाने घेतली जातात. देशावरच्या मराठा शिपायाला समुद्राची सवय नव्हती. त्याला नावाडी करण्याऐवजी नावाड्यालाच सरदार करणे, हा या धोरणाचा गाभा होता.

परंतु आरमार म्हणजे केवळ लढाई नव्हे, हे दाखवणारे पत्र ६ डिसेंबर १६७१ चे आहे. ते लिहिले आहे कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला, आणि विषय आहे मिठाचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वरकडील आपल्या मिठागरांना गिऱ्हाईक राहणार नाही, हा धोका महाराजांनी ओळखला. बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवा, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, अशी त्यांची आज्ञा होती. देशी उद्योगासाठी संरक्षक जकात, असे आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत त्याला म्हणता येईल. मीठ ही वस्तू त्या काळी बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येत असे. मिठागर बंद पडले, की आगऱ्याबरोबर बैलवाल्याचा आणि नाक्यावरच्या जकातीचाही धंदा बसणार, हे गणित त्यामागे होते.

हे धोरण नेहमीच सुरळीत चालले, असे नाही. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेले पत्र संतापाने भरलेले आहे. दौलतखान व दर्यासारंग यांना सिद्दीवरील मोहिमेसाठी पद्मदुर्गाकडे धाडले होते. त्यांना लागणारा ऐवज आणि धान्य सुभ्यातून वेळेवर पोहोचले नाही. तुम्ही शत्रूला सामील आहात काय, असाच त्या पत्राचा रोख होता. कोळी-भंडारी बेटावर लढत असताना कचेरीतील कारकुनी दिरंगाई त्यांच्या जिवावर बेतणार होती.

याच सुमारास जंजिऱ्यावरील हल्ल्यात लाय पाटील या कोळी म्होरक्याने रात्री किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागून कुमक वेळेवर आली नाही. मोहीम फसली. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्याने ती नाकारली. तेव्हा ‘पालखी’ याच नावाचे गलबत त्याला देण्यात आले, असे परंपरेने सांगितले जाते. जंजिरा मात्र महाराजांना अखेरपर्यंत मिळाला नाही.

जहाजाच्या लाकडाचा प्रश्नही असाच रयतेशी भिडणारा होता. महाराजांच्या पठडीत वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात सागवान परवानगीने तोडावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. ही लाकडे आरमाराच्या उपयोगाची असली, तरी रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली झाडे बळाने तोडली, तर तिच्या दुःखाला पारावार उरत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. एखादे जीर्ण झाड लागलेच, तर धन्याला राजी करून व मोल देऊन न्यावे. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, त्याने व्यापारी पिडला जाऊन बंदर बुडते, हेही तेथेच सांगितले आहे. आरमारी खात्याने खर्चाची नेमणूक ठरवताना बंदराची अशी काळजी वाहावी, हे त्या काळात विरळाच.

या साऱ्याची कसोटी लागली ती खांदेरीला. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी मुंबईच्या तोंडावरील त्या ओसाड बेटावर उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा मोठ्या. पण उथळ पाण्यात ती अडखळत. मराठ्यांच्या लहान होड्या नागाव-थळच्या बाजूने वल्ही मारत रात्री निसटत आणि बेटावर धान्य, दारूगोळा पोहोचवीत. ऑक्टोबरमधील लढाईत इंग्रजांचे ‘डव्हर’ हे जहाज दौलतखानाच्या आरमाराने पकडले. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. शेजारचे उंदेरी मात्र सिद्दीने बळकावले.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. खांदेरीचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या बेटावर वेताळाचे देऊळ आहे आणि थळचे कोळी आजही होडीने तेथे दर्शनाला जातात.